‘रेझिन गेलंय’ हे ठरवायचं कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचगंगेच्या प्रदूषणावर आपल्या वृत्तपत्रात दर उन्हाळ्यात बातम्या येतात. मेलेले मासे, जलपर्णी, काळं पाणी, मग नोटिसा, मग पहिला पाऊस आणि विषय बंद. या सगळ्यात कारखान्यांच्या सॉफ्टनरमधून, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून, नाल्याला जाणाऱ्या मिठाचा उल्लेख माझ्या वाचनात कधी आला नाही. त्याबद्दल हे पत्र आहे. पण मिठाचा विषय सॉफ्टनरमधल्या रेझिनपासून सुरू होतो, त्यामुळं पत्र लांबणार. जागा कमी पडली तर खुशाल कात्री लावा, फक्त हिशोबाचा भाग तेवढा ठेवा.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. आधी इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसची, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्याची, लॅब सांभाळत होते, आता शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पंचतारांकित या औद्योगिक वसाहतींच्या पट्ट्यातल्या लहानमोठ्या कारखान्यांच्या पाण्याचं काम बघते. अधूनमधून एखाद्या साखर कारखान्यातही जाणं होतं.

ज्यांनी सॉफ्टनर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोखंडाची किंवा फायबरची उभी टाकी असते, तिच्यात पिवळसर तपकिरी रंगाचे, साधारण अर्ध्या मिलिमीटरचे गोल मणी भरलेले असतात. हेच रेझिन. पॉलिस्टायरीनच्या या मण्यांवर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी वरून खाली जाताना त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम (हाच पाण्याचा हार्डनेस) मणी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. मण्यांवरचं सोडियम संपत आलं की खालून जड पाणी यायला लागतं. मग मिठाचं पाणी सोडून कॅल्शियम हुसकायचं आणि सोडियम पुन्हा बसवायचं. आमच्याकडं याला ‘रीजन मारणं’ म्हणतात. दोन रीजनच्या मधे किती घनमीटर मऊ पाणी मिळालं तो आकडा म्हणजे ओबीआर. बॉयलरच्या नळ्यांत खपली धरू नये, डाईंगमध्ये कापडावर डाग पडू नयेत, यासाठी हा सगळा खटाटोप.

आता हे रेझिन खराब झालं हे कारखान्यात ठरतं कसं? बहुतेक ठिकाणी कॅलेंडर बघून. ‘तीन वर्षं झाली, बदलून टाका.’ नाहीतर रेझिन विकणारा माणूस येतो, मॅनहोल उघडायला लावतो, वरचे मूठभर मणी तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळतो आणि मान हलवतो. मालक विचारतात, ‘गेलंय काय?’ तो म्हणतो, ‘गेलंय साहेब.’ कोटेशन त्याच्या बॅगेत आधीपासून असतं. माझं सगळं भांडण या ‘गेलंय’शी आहे. यंत्रमागाची शेड बांधताना जे मालक सळईच्या मिलिमीटरचा हिशोब मागतात, तेच इथं अंगठ्यावर विश्वास ठेवतात.

एका प्रोसेस हाऊसमधला अनुभव सांगते. नाव सांगत नाही, कारण असं कुठंही घडू शकतं. मे महिना होता. बॉयलरवरचे मामा, या कामात केस पांढरे झालेले, मला म्हणाले, ‘मॅडम, रेझिन मेलंय बगा. पयलं एका रीजनवर दोन दिस जायाचं. आता आज सकाळी मारलं तर उद्याचं उजाडायच्या आत हार्डनेस येतोय.’ टाकीत 500 लिटर रेझिन. मालकांच्या टेबलावर 500 लिटरचं कोटेशन पडलेलं. मी रजिस्टर मागितलं. त्यात सॉफ्टनरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचा हार्डनेस रोज नोंदवला होता: निल, निल, निल. आत जाणाऱ्या पाण्याचा रकानाच नव्हता.

आत जाणारं पाणी मोजायला घेतलं. कॉनिकल फ्लास्कमध्ये 50 मिली पाणी, त्यात थोडं अमोनिया बफर, वर एरिओक्रोम ब्लॅक टीची चिमूट. पाणी जांभळट लाल झालं. ब्युरेटमधून ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणारं रसायन) सोडत फ्लास्क फिरवत राहायचं, लाल छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबायचं. साडेबारा मिलीला निळं झालं. 0.01 मोलर ईडीटीएचा 1 मिली म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, तेव्हा 50 मिलीत साडेबारा मिलिग्रॅम, म्हणजेच लिटरला 250 मिलिग्रॅम. रोजच्या भाषेत 250 पीपीएम. मग एमआयडीसीच्या लाइनचं पाणी, टाकीत मिसळायच्या आधीचं, वेगळं घेऊन तपासलं. ते 5 मिलीतच निळं झालं. 100 पीपीएम.

झालं होतं ते इतकंच. उन्हाळ्यात पाणी कमी आलं म्हणून टँकरनं बोअरचं पाणी आणून त्याच टाकीत ओतत होते. आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड. आता हिशोब बघा. नदीच्या पाण्यावर एका रीजनमध्ये 250 घनमीटर मिळायचे. 250 गुणिले 100 म्हणजे 25,000 ग्रॅम हार्डनेस रेझिननं धरला. मे महिन्यात मिळत होते 100 घनमीटर. 100 गुणिले 250 म्हणजे पुन्हा 25,000 ग्रॅमच. भागिले 500 लिटर, म्हणजे दोन्ही वेळा लिटरला 50 ग्रॅम. रेझिन पूर्वीइतकंच काम करत होतं, त्याच्यासमोरचं काम अडीचपट झालं होतं. गगनबावड्याच्या घाटात गाडीचं ॲव्हरेज पडलं म्हणून कुणी इंजिन बदलत नाही.

ते कोटेशन तिथंच राहिलं. टँकरचं पाणी थेट सॉफ्टनरला न देता धुलाईच्या ज्या टप्प्यात चालतं तिथं वळवलं, आणि मामांनी रजिस्टरमध्ये पट्टी ठेवून हातानं एक नवा रकाना आखला.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की नुसता ओबीआर हा आकडा निरुपयोगी आहे. घनमीटर गुणिले आत येणारा हार्डनेस, भागिले रेझिनचे लिटर, हा आकडा लिहा. वापरातली क्षमता ती हीच. लिटर रेझिनला 120 ते 160 ग्रॅम मीठ वापरून रीजन होत असेल तर साध्या सॉफ्टनर रेझिननं 50 ते 60 ग्रॅमच्या आसपास काम द्यावं. आणि हा आकडाही मिठाशिवाय लिहू नये. मीठ कमी टाकलं तर चांगलं रेझिनही कमीच देणार.

इथंच आकड्यांचा एक खेळ चालतो, तो मालकांनी ओळखावा. नव्या रेझिनच्या माहितीपत्रकात एकूण क्षमता छापलेली असते, लिटरला सुमारे 2 इक्विव्हॅलंट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात 100 ग्रॅम. विकणारा हा 100 दाखवतो आणि तुमच्या टाकीतला 50 दाखवतो. ‘बघा, निम्मं उरलंय.’ हे दोन आकडे एका तागडीत घालायचेच नसतात. 100 ही मण्यावर जेवढ्या जागा आहेत तेवढी सगळी बेरीज. त्या सगळ्या जागांवर सोडियम बसवायला मीठ इतकं लागेल की कुणालाच परवडणार नाही, म्हणून नवं कोरं रेझिनही प्रत्यक्षात पन्नास-साठवरच चालवतात. एकूण क्षमतेची तुलना एकूण क्षमतेशीच करायची.

याचा अर्थ रेझिन अमर असतं असा नाही. तेही थकतं, पण त्याच्या आधी बाकीचं तपासा. मिठाची टाकी तळातून साफ झालीय का? खडेमिठाच्या पोत्यातली माती तळाशी साचते आणि मिठाच्या पाण्याबरोबर रेझिनवर जाऊन बसते. मिठाचं पाणी किती तीव्र आहे? 10 टक्क्यांच्या आसपास हवं. इचलकरंजीच्या मंडळींना मर्सराइझिंगमुळं द्रावणाची घनता मोजणारा ट्वाडल मीटर हातातला, त्यावर हे 14 दाखवतं. मी एका ठिकाणी मीटर बुडवला तर आकडा पाचालाही पोचत नव्हता, आणि तिथं मीठ मात्र पोत्यानं टाकत होते. सगळं न विरघळता तळाला बसलेलं. दुसरीकडं याच्या उलट, गच्च खारं पाणी एका दमात सोडून पाच मिनिटांत मोकळे. मिठाच्या पाण्याला रेझिनमधून जायला अर्धा तास तरी द्यावा लागतो. शिफ्ट संपत आली की हा अर्धा तासच पहिला कापला जातो.

हार्डनेस कसा येतो तेही बघा. पहिल्या तासापासून थोडा थोडा हार्डनेस झिरपत असेल तर रेझिनकडं बोट दाखवण्याआधी मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याच्या वाटा बदलणारा व्हॉल्व्ह, उघडून आतलं रबर बघावं, ते खराब असलं की कच्चं पाणी आडवाटेनं मऊ पाण्यात मिसळतं. सुरुवात स्वच्छ आणि शेवट लवकर, असं असेल तर क्षमतेचा प्रश्न. या दोन्हीत फरक करायला दर दोन तासांनी एक टायट्रेशन, म्हणजे वरची ईडीटीएची तपासणी, पुरतं.

रेझिन खरंच बिघडतं तेव्हा आपल्या भागात मला दोन कारणं वारंवार दिसतात: क्लोरीन आणि लोखंड.

क्लोरीनचा बिघाड फसवा असतो. पुरवठ्याच्या पाण्यात क्लोरीन टाकलेला असतो, तो मण्यांमधल्या साखळ्यांना जोडणारे दुवे हळूहळू तोडतो. हे दुवे डायव्हिनाइलबेन्झिनचे, साध्या सॉफ्टनर रेझिनमध्ये साधारण 8 टक्के. ते तुटले की मणी पाणी पिऊन फुगतात. चांगल्या मण्यात सोडियम रूपात 44 ते 48 टक्के ओलावा असतो. हा आकडा 55च्या पुढं गेला की मणी बोटात दाबले तर पिचकतात. गंमत अशी की बॅकवॉशमध्ये, म्हणजे खालून वर पाणी सोडून रेझिन धुताना, काही मणी वाहून गेले तरी उरलेले फुगल्यामुळं टाकीतली पातळी जागची हलत नाही. खिडकीतून बघणारा खूश: ‘रेझिन लॉस शून्य.’ लिटरमागची क्षमता मात्र उतरलेली असते आणि टाकीच्या वरच्या-खालच्या प्रेशर गेजमधला फरक वाढलेला असतो. असं रेझिन कशानंही परत येत नाही, ते बदलावंच लागतं. पण त्याच्या आधी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर बसवला नाही तर नव्याचीही तीच गत होणार, आणि कोटेशनमध्ये फिल्टरची ओळ सहसा नसते.

लोखंडाची गोष्ट वेगळी. बोअरच्या पाण्यातलं किंवा गंजक्या पाइपलाइनमधलं लोखंड मण्यांवर चढतं, रंग गर्द तपकिरी होतो, बघणाऱ्याला वाटतं जळालं. ते धुता येतं. आणि धुण्याचं एक रसायन आपल्या प्रोसेस हाऊसमध्ये डब्यांनी पडलेलं असतं: सोडियम हायड्रोसल्फाइट, डाईंगवाल्यांचं ‘हायड्रो’. त्याच्या द्रावणात रेझिन काही तास भिजवून, मधेमधे हवा मारून, मग जोरदार बॅकवॉश दिला की गढूळ पाण्यातून लोखंड बाहेर पडताना दिसतं. खोली मात्र उघडी ठेवा, त्या वासानं घसा धरतो. मीठ आणि बॅकवॉश एवढ्यावरच भागवणाऱ्यांनी हे एकदा तरी करून बघावं. ॲसिडनंही लोखंड निघतं, पण आतून रबर न लावलेल्या लोखंडी टाकीत ॲसिड सोडलं तर रेझिन वाचेल आणि टाकी जाईल.

आता तळहातावरच्या त्या मुठीबद्दल. बॅकवॉश दिला की हलके, बारीक आणि फुटके मणी वर येतात, मोठे आणि धडके खाली बसतात. म्हणजे मॅनहोलमधून हात घालून काढलेली मूठ हा टाकीतला सर्वांत वाईट माल. त्यावरून 500 लिटरचा निकाल लावणं म्हणजे सरळ अन्याय आहे. नमुना घ्यायचा तर दाब उतरवून, व्हॉल्व्ह बंद करून, इंचभर व्यासाचा पीव्हीसी पाइप वरपासून तळाच्या जाळीच्या थोडं वरपर्यंत सावकाश उतरवायचा, वरचं तोंड घट्ट बंद करायचं आणि उपसायचा. पाइपमध्ये सगळ्या थरांचं रेझिन येतं. असं दोन-तीन जागी करून एकत्र मिसळायचं, लिटरभर बाजूला काढायचं आणि ओलंच ठेवून दुहेरी पिशवीत बांधायचं. वाळलं तर मणी तडकतात आणि मग नमुना काहीच सांगत नाही.

प्रयोगशाळेत त्याचा ओलावा, एकूण क्षमता, अखंड मण्यांचं प्रमाण आणि लोखंड इतकं मोजलं तरी बहुतेक प्रश्न सुटतात. एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेच्या डी 2187 या मानकात यातल्या मुख्य चाचण्यांच्या पद्धती सविस्तर दिलेल्या आहेत. क्षमतेची चाचणी तर बीएस्सीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखी आहे: मोजून घेतलेलं रेझिन हायड्रोक्लोरिक ॲसिडनं हायड्रोजन रूपात आणायचं, धुवायचं, त्यावरून मिठाचं पाणी सोडायचं आणि बाहेर आलेलं ॲसिड सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेट करायचं. फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी झालं की झालं. एवढ्यासाठी आज बहुतेक कारखाने नमुना कुठं पाठवतात? ज्याच्याकडून रेझिन घ्यायचं त्याच्याकडं. चाचणी फुकट, अहवालाच्या खाली नव्या रेझिनची शिफारस. मी सगळ्या पुरवठादारांना एकाच माळेत ओवत नाही. ‘अजून दोन हंगाम चालेल’ असा अहवाल देणारेही मला भेटलेत. पण विकणाऱ्यानंच तपासायचं ही पद्धत मला पटत नाही.

नव्या मालाची तपासणी तर जवळपास कुठंच होत नाही. एका कारखान्यात नवी म्हणून आलेली पोती मी उघडायला लावली. दहापट भिंगाखाली बघितलं तर निम्म्याहून अधिक मण्यांत चिरा, काही अर्धेच, आणि रंगाच्या तीन-तीन छटा. वापरलेलं रेझिन धुऊन भरलेलं होतं. नव्या रेझिनचे मणी भिंगाखाली नितळ आणि गोल दिसतात, फुटका एखादाच. हे भिंग घड्याळजीकडं मिळतं तेच. आणि रेझिन किलोवर घेऊ नका, लिटरवर घ्या, पाण्यात बसवून मोजा. पोत्यातल्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं.

साखर कारखान्यांचं दुखणं निराळं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होतं, मार्च-एप्रिलमध्ये थांबतं, आणि मग डीएम प्लांट (पाण्यातले सगळे क्षार काढणारा) पुढच्या हंगामापर्यंत गप्प. या सहा-सात महिन्यांत जेवढं रेझिन खराब होतं तेवढं चालू हंगामात होत नसावं असं माझं मत आहे. टाकीतलं पाणी कुणीतरी ड्रेन करून ठेवतं, मे महिन्याच्या उन्हात पत्रा तापतो, मणी वाळतात. मग दसऱ्याच्या सुमारास थेट पाणी सोडलं जातं. वाळलेला मणी एकदम पाणी पितो आणि फुटतो. वाळलंच असेल तर आधी गच्च खाऱ्या पाण्यात भिजवून, मग ते हळूहळू पातळ करत आणावं लागतं. खरं तर हंगाम संपतानाच रेझिन मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं तर ते वाळत नाही आणि शेवाळही धरत नाही. हे काम एका दिवसाचं आहे, पण तोवर माणसं गावी गेलेली असतात.

सहवीज प्रकल्पवाल्या कारखान्यांत यापुढची अडचण ॲनायन रेझिनची, म्हणजे ऋण आयन धरणाऱ्या रेझिनची. तिथं हार्डनेस बघून भागत नाही, सिलिका बघावी लागते. जास्त दाबाच्या वाफेबरोबर सिलिका टर्बाइनपर्यंत जाते आणि पात्यांवर बसते. या रेझिनची एकूण क्षमता अहवालात ठीकठाक दिसते आणि सिलिका मात्र निसटत असते, कारण सिलिका धरणाऱ्या तीव्र जागा आधी मरतात आणि सौम्य जागा मागं राहतात. म्हणून अहवालात सॉल्ट स्प्लिटिंग क्षमता, म्हणजे फक्त तीव्र जागांची क्षमता, वेगळी मागावी. फौंड्रीवाल्यांचं मात्र बरं असतं. इंडक्शन फर्नेसच्या कॉइलला लागणारं डीएम पाणी बंद चक्रात फिरतं, कंडक्टिव्हिटी मीटर समोरच टांगलेला असतो, आकडा चढला की भट्टीवालाच ओरडतो.

आता मीठ. ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

मघाच्याच सॉफ्टनरचा हिशोब पुढं नेते. 500 लिटर रेझिन, लिटरला 120 ग्रॅम मीठ, म्हणजे एका रीजनला 60 किलो. 25 किलो हार्डनेस हुसकायला रसायनशास्त्राच्या हिशोबानं लागतं 29 किलो मीठ. बाकीचं 31 किलो जसंच्या तसं बाहेर पडतं. आणि क्लोराइडचं म्हणाल तर हे रेझिन क्लोराइड धरतच नाही. 60 किलो मिठातलं सुमारे 36 किलो क्लोराइड सगळंच्या सगळं ड्रेनमध्ये जातं. पुढं कारखान्याचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) असो नाहीतर सामायिक प्रकल्प, चुना, तुरटी आणि जिवाणू यांतलं कुणीही विरघळलेलं मीठ काढत नाही. ते पाणी स्वच्छ दिसतं, वास येत नाही, मासेही लगेच मरत नाहीत, म्हणून बातमी होत नाही.

रेझिन कमी देतंय असं वाटलं की कामगाराचा पहिला उपाय ठरलेला: मीठ वाढवा. 60चे 90 किलो. मीठ दीडपट केल्यानं क्षमता दीडपट होत नाही, थोडीच वाढते. उरलेलं सगळं नाल्याला. म्हणजे रेझिनचा हिशोब न ठेवल्याची किंमत मालक एकदा मिठाच्या बिलात देतो आणि नदीकाठचा शेतकरी दुसऱ्यांदा देतो.

शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींचं खापर मी सॉफ्टनरवर फोडत नाही. तिथलं मुख्य कारण उसाला दिलेलं अमाप पाणी आणि निचऱ्याचा अभाव हेच आहे. पण सोडियम मातीत काय करतं हे रेझिनचं काम करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. काळ्या जमिनीतली चिकणमाती हीसुद्धा आयन बदलणारीच. 1850 मध्ये इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी ही क्रिया पहिल्यांदा नोंदवली ती मातीतच. शेतात टाकलेला अमोनिया माती धरून ठेवते आणि त्याच्या जागी कॅल्शियम सोडते, हे त्यांना दिसलं. कृत्रिम रेझिन ॲडम्स आणि होम्स यांनी 1935 मध्ये केलं, म्हणजे मातीनंतर पुष्कळ उशिरा. रीजन मारताना आपण सोडियमनं कॅल्शियम हुसकतो, तेच सोडियमचं पाणी रानाला मिळालं की मातीतलं कॅल्शियम हुसकलं जातं. कण सुटे होतात, जमीन चोपण होते, पाणी खाली उतरत नाही. मग शेतकरी जिप्सम टाकतो, म्हणजे कॅल्शियम देऊन सोडियम हाकलतो. आम्ही टाकीत करतो ते तो एकरांवर करतो, आणि स्वतःच्या पैशानं करतो. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगा ठिकठिकाणी बंधाऱ्यांनी अडवलेली आहे. उन्हाळ्यात वाहतं पाणी जेमतेम, टँकरचं जड पाणीही त्याच दिवसांत, रीजनही त्याच दिवसांत सर्वाधिक. मीठ जास्त आणि ते वाहून न्यायला पाणी कमी, हे सगळं एकाच वेळी येतं.

मीठ कमी करायचे मार्ग आहेत आणि ते महागही नाहीत. रीजनच्या शेवटी येणारं कमी खारं पाणी वेगळ्या टाकीत धरून पुढच्या वेळी मीठ विरघळवायला वापरता येतं. नवी टाकी घेणार असाल तर मिठाचं पाणी खालून वर जाणारी घ्या, तेवढ्याच कामाला मीठ कमी लागतं. यातलं काहीच करायचं नसेल तर निदान हार्डनेस मोजून रीजन मारा. ‘रोज सकाळी आठला’ या नियमानं मारू नका. पावसाळ्यात नदीचं पाणी मऊ असताना मी रेझिनची निम्मी क्षमता शिल्लक असताना रीजन होताना पाहिलेलं आहे, केवळ आठ वाजले म्हणून.

जुनं रेझिन टाकायचा प्रश्नही आहेच. एमआयडीसीच्या रस्त्याकडेला, गटाराच्या कडेला हे मणी सांडलेले दिसतात, चालताना पाय घसरतो. प्लेटिंगच्या पाण्यावर वापरलेल्या रेझिनमध्ये क्रोमियम, निकेल असू शकतं, आणि विषारी धातू असलेलं वापरलेलं रेझिन 2016च्या घातक कचऱ्याच्या नियमांत नाव घेऊन दिलेलं आहे. ते भंगारात किंवा नाल्यात जायला नको.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. आपल्याकडं शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राचा विभाग आहे, गोकुळ शिरगावला तर औद्योगिक वसाहतीजवळच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. उद्योजकांच्या संघटनांनी त्यांच्याशी बोलून वाजवी शुल्कात रेझिन तपासून मिळेल अशी सोय उभी करावी. विकणाऱ्याशी संबंध नसलेला एक अहवाल हातात असला की पाच मिनिटांत निर्णय होतो, आणि मुलांना खऱ्या नमुन्यावर हात चालवायला मिळतो. कारखान्यांनी दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत प्रदूषण मंडळाला पर्यावरण विवरण द्यायचं असतंच. त्याला सॉफ्टनरच्या मिठाची वर्षाची खरेदी आणि रीजनची संख्या आपणहून जोडावी. कुणी मागण्याची वाट बघायची गरज नाही. आणि आपल्या वृत्तपत्रानं पुढच्या उन्हाळ्यात पंचगंगेच्या पाण्याचे अहवाल छापताना बीओडी, सीओडी या सेंद्रिय प्रदूषणाच्या आकड्यांशेजारी क्लोराइड आणि सोडियमचे आकडेही द्यावेत.

माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. ज्यांच्याकडं काम करते त्यांना अडचण नको म्हणून नाव छापू नये. कुणा कारखानदाराला आपल्या टाकीचा नमुना नीट काढून बघायचा असेल तर त्यांनी आपल्यामार्फत निरोप द्यावा, मी येईन. पाइप माझ्याकडं आहे. त्यांनी फक्त आधी महिनाभर आत येणाऱ्या पाण्याचा हार्डनेस आणि रीजनला टाकलेलं मीठ रोज लिहून ठेवावं.

आपली,
एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर